हळदीच्या दिवशी दिलेला कागद

काय सांगू तुम्हाला, मी मूळची खाडीच्या कडेची. बाप मिठागरावर कामाला, पावसाळ्यात भातशेती, आनि आई धवलारीन. धवलारीन म्हनजे लग्नात धवले गाते ना ती बाई, धवले म्हनजे आमची लग्नाची गानी, ती झाल्याबिगर लग्न लागलं असं आमच्यात कोनी मानायचे नाय, म्हनजे पूर्वी, आता डीजे लागतो. मी लहानपनी आईच्या पदराला धरून सगळे मांडव फिरले, आज ह्या गावात हळद, उद्या त्या गावात हळद, आनि आईचं एकच सांगनं, हळदीच्या घराला अडवायचं नाय. हळदीच्या घरातला मानूस रस्त्यात भेटला तर आपन बाजूला व्हायचं, त्याच्याशी भांडायचं नाय, त्याला उभं करून ठेवायचं नाय, बांधाची भांडनं असली तरी त्या दिवशी तोंडातून काढायची नाय. आईची गानी मी निम्मी विसरले, ही गोष्ट तेवढी डोक्यात बसली, आनि तिच्यापायी आज दहा महिने माझी गाडी गॅरेजला पडलीय. आईला दोष नाय देत मी. डोकं माझंच, लिहा तसं.

लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा इथं पन शेतीच होती. मग कामनच्या रस्त्याला गोदामं झाली, एक झालं, दोन झाली, आता मोजत बसा. नवऱ्याचे गुडघे गेले, तो शेतात वाकू शकत नव्हता, आनि मी बघायचे, ती गोदामातली मानसं, हमाल, वॉचमन, कुठून कुठून आलेली, दुपारी पावाबरोबर कायतरी खाऊन पानी पिऊन कामाला लागायची. मी एक दिवस दहा जनांचं जेवन घेऊन गेले डोक्यावर. तांदळाच्या भाकरी आनि सुकटीचं कालवन. दुसऱ्या दिवशी ते बोलले, मावशी उद्या वीस आन. असं ते सुरू झालं, हां. मग रिक्षा, मग ती जुनी व्हॅन घेतली, आनि चालवायला कोन, तर मी. चव्वेचाळीसाव्या वर्षी गाडी शिकले. गावातले बोलायचे, ही आता खाडीत गाडी घालनार. नाय घातली. सात वर्षं चालवली, कोंबडीला धक्का नाय लावला. साठ डबे जायचे रोज, साठ, आनि एकाचं पन जेवन थंड नाय.

तर तो दिवस. डबे देऊन, आदल्या दिवशीचे रिकामे डबे गोळा करून मी परत निघाले होते. दुपारचे अडीच असतील. गोदामाच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं वळन हाय ना, तिथं मी थांबले, दोन्हीकडं बघितलं, ट्रेलर गेला, मग वळले. आनि समोरून उलट्या बाजूनं, माझ्या बाजूनं, एक पांढरी गाडी सुसाट. मी ब्रेक मारला, त्यानं मारला की नाय देवाला ठाऊक, माझ्या गाडीचं सगळं तोंड आत गेलं, दरवाजा उघडला आनि साठ डबे रस्त्यावर. घरंगळत घरंगळत पार नाल्यापर्यंत. मला कपाळाला थोडं लागलं, बाकी काय नाय, पन मी अशी तापले होते, उतरले आनि बोलले, उतर खाली, तुला आज मी सोडत नाय.

उतरला तो जयवंत. पलीकडच्या गावातला, ओळखीचा, लांबचा नात्यातला पन निघतो, मला काकी बोलतो. आनि मागच्या सीटवर काय, तर हळदीचं सामान. सुपं, नारळ, नवरीचं पातळ, बांगड्या. त्याच्या बहिनीच्या पोरीची, सुजाताची, त्या दिवशी हळद. हा नवरीचा मामा. आता मामा नाय पोचला तर तिकडं काय होनार, तुम्हीच सांगा. त्याचा फोन वाजतोय, बहीन तिकडून रडतेय, दादा कुठं हायस, बायका खोळंबल्यात. आनि हा माझ्यासमोर हात जोडून उभा, काकी चुकलो, काकी घाईत होतो, काकी पोलीस नको.

मी तिथंच ढिली पडले. मी बोलले, जा बाबा, जा, आधी मांडवात जा, नंतर बघू. तो जायला निघाला तर परत आला. काय झालं? तर गाडी त्याची नाय, त्याच्या मालकाची. हा त्या ट्रान्सपोर्टवाल्या मालकाकडं कामाला, लग्नासाठी गाडी मागून आनलेली, आनि फोनवर मालक बोलला, तुझी चूक असेल तर उद्यापासून येऊ नकोस, आनि चूक समोरच्याची असेल तर तसं लिहून आन. जयवंत बोलला, काकी, दोनच ओळी, मालकाला दाखवायला फक्त, मग फाडून टाकतो, आईची शपथ. हळद लागायची होती, आनि मी लिहून दिलं. डब्यांच्या वहीचं पान फाडून. वळताना माझं लक्ष नव्हतं, चूक माझी. खाली सही. कपाळातून रक्त येतंय आनि मी बाई सही करतेय, चूक माझी. काय म्हनाल तुम्ही अशा बाईला?

तुम्ही नका बोलू, नवरा बोललाय ते पुरेसं हाय.

बरं, इन्शुरन्स होता माझा. पूर्ण होता, एक वर्ष चुकवलं नाय. मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं तर तो हिंदीत बोलतो. मी त्याला सगळं खरं सांगितलं, समोरची गाडी उलट्या बाजूनं आली, मला ठोकलं. त्या कागदाचं नाय बोलले, कशाला बोलू, तो फाटला असनार. सर्व्हेअर आला, फोटो काढले, गॅरेजवाल्याला बोलला आठ दिवसांत अप्रूव्हल. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. फोन केला तर बोलतात लायसन्सचा फोटो स्पष्ट नाय. पाठवला. मग बोलतात फाइल दुसऱ्या साहेबांकडं गेली. त्या साहेबांना फोन, ते बोलतात माझ्याकडं नाय आली. मग बोलतात ॲपवर टाका. ॲपवर टाकलं तर तिथं लिहून येतं, आम्ही तुमच्या अडचनीची दखल घेतली हाय. रोज दखल घेतात! माझा क्लेमचा नंबर मला तोंडपाठ झाला, स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखा चुकेन, तो नाय चुकनार.

तीन महिन्यांनी मला ऑफिसात बोलावलं. एसी एवढा की पदर गुंडाळून बसले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटर फिरवला आनि मला दाखवलं. माझा कागद! माझ्या डब्यांच्या वहीचं पान, वर सुकटीच्या तेलाचा डाग, माझीच सही. त्या मालकानं फाडला नव्हता, त्यानं तो कागद लावून माझ्याच कंपनीकडं त्याच्या गाडीचं नुकसान मागितलं होतं. साहेब बोलले, तुम्ही आम्हाला सांगता चूक त्यांची, आनि त्यांना लिहून देता चूक माझी. खरं काय? आनि वर बोलले, कंपनीला विचारल्याबिगर चूक कबूल करायची नाय असं पॉलिसीत लिहिलंय, तुम्ही वाचलं नाय का? मी बोलले, साहेब, त्यांच्याकडं हळद होती. साहेब बोलले, काय होती? मी परत बोलले, हळद. त्यांनी समोरच्या बाईकडं बघितलं, ती कॉम्प्युटरकडं बघत बसली. आता हे मी त्यांना कसं समजावू?

तिथून सरळ जयवंतच्या घरी गेले. तो नाय, बायको बोलली कामाला गेलेत. परत गेले, बायको बोलली आताच गेले, आनि मागच्या दारी ह्याच्या चपला! तिसऱ्या वेळी मी ओट्यावरच बसले, बोलले, येईल तेव्हा येईल, मी बसते. आला शेवटी. खाली मान. काकी, मालकानं कागद ठेवून घेतला, मी काय करू, मी आता खरं बोललो तर माझी नोकरी जाईल, दोन पोरं हायत. मी बोलले, आनि माझं काय? साठ डब्यांचे बावीस झाले. व्हॅन नाय तर रिक्षानं किती नेनार, जेवन थंड होतं, पोरं बोलतात मावशी राहू दे, इथं आता एक गाडीवाला येतो त्याच्याकडं खातो. सात वर्षं मी त्यांना वाढलं. माझ्या दोन बाया कामाला होत्या, त्यांना घरी बसवलं. चूल चालू ठेवायची की बंद करायची, इथपर्यंत आलेलं माझं. तो रडला. रडून काय होतंय, मी पन रडले असते, पन मला राग एवढा आलेला की रडू फुटेना.

मग आमचा इन्शुरन्सचा एजंट, राकेश, चांगला मुलगा हाय तसा, त्यानं एक युक्ती काढली. एक टाइप केलेला कागद घेऊन आला. काकी, इथं सही करा, क्लेम सुटेल. वाच बोलले, काय लिहिलंय. त्यानं वाचलं. समोरच्या इसमानं दमदाटी करून, जीवे मारन्याची धमकी देऊन माझी सही घेतली. बोलला, हे दिलं की तो पहिला कागद रद्द. पोलिसात पन एक तक्रार टाकावी लागेल, फॉर्मॅलिटी असते. मी बोलले, पन त्यानं दमदाटी केली नाय, हात जोडले. राकेश बोलला, काकी, हात जोडले लिहून क्लेम मिळत नाय.

खरं सांगू? मला करावीशी वाटली सही. देवाशपथ वाटली. दहा महिने! गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या चाकांभोवती गवत आलंय, गॅरेजवाला बोलतो मावशी, उचला नायतर भंगारवाला बोलवू. मी कोनाचं काय वाईट केलं, की प्रत्येकजन माझ्याकडं कागद घेऊन येतो आनि बोलतो लिही? एकदा लिहिलं चूक माझी, ती नव्हती. आता बोलतात लिही त्यानं धमकी दिली, ती पन नव्हती. जे झालं ते लिहायला एक पन कागद नाय का कोनाकडं? मी राकेशला बोलले, तुझा कागद घेऊन जा. नवरा तिकडून ओरडला, कर की सही, त्यानं तुझ्यावर दया केली काय! मी बोलले, तुम्ही गप बसा. मग मी स्वतःच लिहिलं. चूक त्याची होती, कागद मी माझ्या मनानं दिला, त्याच्याकडं हळद होती. राकेशनं डोक्याला हात लावला, बोलला, काकी, हे दिलं की क्लेम गेला. मी बोलले, गेलाच हाय, दे नेऊन ऑफिसात.

आता गावात गोष्टी राहतात काय पोटात? राकेशनं कोनालातरी सांगितलं, त्यानं कोनाला, आनि चार दिवसांपूर्वी सकाळी जयवंत माझ्या दारात. मी चहा नाय विचारला, मुद्दाम नाय विचारला. त्यानं खिशातून कागद काढला. आनखी एक कागद! मी बोलले, आता काय लिहून देऊ तुला? तो बोलला, काकी, मी लिहिलंय. उलट्या बाजूनं मी आलो, फोनवर होतो, चूक माझी, काकीनं हळदीसाठी मला सोडलं. त्याची सही, खाली बायकोची सही, साक्षीदार म्हनून. मी बोलले, आनि नोकरी? तो बोलला, बघू.

तो कागद दिला ऑफिसात. आता साहेब काय बोलतात ऐका. बोलतात, आता आमच्याकडं तीन कागद झाले, तीन वेगवेगळे. चौकशी करावी लागेल. अहो, आता तर दोघं एकच बोलतोय! नाय, चौकशी. उद्या अकरा वाजता चौकशीचा मानूस येनार, दोघांना वेगवेगळं विचारनार, आनि मग मालकाकडं पन जानार. म्हनजे जयवंतची नोकरी उद्या जाते, हे मी आजच लिहून ठेवते. आधी मला माझ्या गाडीची एकटीची काळजी होती, आता ह्याची पन.

काल संध्याकाळी तो आला परत. ह्या वेळी चहा दिला. बोलला, काकी, मालकानं काढलं तर मी काय करू? आनि मी काय बोलून बसले, तुम्हाला हसू येईल. मी बोलले, काढलं तर माझ्याकडं ये, मला आता डोळ्यांनी दुपारचं नीट दिसत नाय, माझी व्हॅन तू चालव. ज्यानं माझी गाडी फोडली त्याच्याच हातात गाडी देते बोलले! नवरा आतून हसायला लागला, थांबेचना, बोलला, अगं, पन गाडी कुठं हाय?

कुठं हाय. गवतात हाय. मी त्याच्यावर खेकसले, पन मला पन हसू आलं, दहा महिन्यांत पहिल्यांदा, आनि मग जयवंत पन हसला, आनि हसता हसता डोळे पुसायला लागला. मी बोलले, रडू नकोस, उद्या त्या मानसाला सगळं सरळ सांग. देव तुमचं भलं करो, तुम्ही एवढं ऐकून घेतलं, कंपनीवाल्यांनी इतकं कधी ऐकलं नाय. आता उठते, त्या बावीस जनांच्या भाकऱ्या व्हायच्यात, रिक्षावाला थांबत नाय.