पंपाला चाकं नाहीत

विमानतळावरच्या आगीच्या बंबावर नुकत्याच नोकरीला लागलेल्या लेकाला भेटायला सुशीलाबाई शिरोलखेडला निघाल्या होत्या. स्वारगेटला एसटीच्या रांगेत त्यांच्या पुढे दोघे साहेब होते, त्याच विमानतळाच्या खरेदी खात्यातले.

“अहो, बंबाची देखभाल कुणाला दिलीत अखेर?”

“गाडी वाहन विभागाला, तिच्यावरचा पाण्याचा पंप विद्युत विभागाला.”

“छान की.”

“कसलं छान! विद्युतवाले म्हणतात, पंप डिझेलवर चालतो, आमचा नाही. वाहनवाले म्हणतात, पंपाला चाकं नाहीत, आमचा नाही.”

“मग पंपाचं टेंडर?”

“निघालंच नाही. बंद पडलाय कधीचा.”

“बाप रे! आणि विमान पेटलं तर?”

“बंब वेळेवर पोहोचेल. सायरनसुद्धा वाजेल.”

“अहो, पण पाणी?”

“टेंडर कुणी काढायचं, ते आधी ठरू द्या.”

“काय बोलताय काय!”

“हळू बोला. म्हणून तर विमान सोडून एसटीनं चाललोय.”

सुशीलाबाईंनी रांगेतूनच लेकाला फोन लावला.

“आनंद, तुझ्या त्या बंबातून पाणी येताना कधी बघितलंस का रे?”

“पाणी? नाही गं आई. पण रोज पुसून असा चकचकीत ठेवतो ना, तोंड दिसतं त्यात!”