निम्मा भरलेला फोन

वस्तू परत करायच्या रांगेत शिंपीणबाई बिघडलेली इस्त्री घेऊन उभ्या होत्या. पुढे एक प्लंबर आणि त्याची बायको. प्लंबरच्या काखेत घडीचं छोटं सोलर पॅनल. बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

"तंबूत राहायला जाताना न्या म्हणे! दिवसभर उन्हामागे फिरवत बसलो, तरी फोन निम्माच भरला. जेवायला बसेपर्यंत तोही मेला."

"पण त्यावर भरलेला दिवा तर रात्री लागला ना."

"दिव्याचं सोड गं. इकडे कुणाचा नळ गळत असेल, कुणाची मोरी तुंबली असेल. लोकांनी फोन करकरून किती शिव्या घातल्या असतील मला!"

"घालू देत. लग्न झाल्यापासून परवा पहिल्यांदा तुम्ही ताटावरून न उठता जेवलात."

"काहीतरीच तुझं."

"वर मला विचारलंत, तू जेवलीस का म्हणून."

"कधी विचारलं?"

"विचारलंत. दिव्यात तोंड दिसत होतं तुमचं."

रांग सरकली. शिंपीणबाईंनी इस्त्री या हातातून त्या हातात घेतली.

"बोला, काय तक्रार आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

प्लंबरने एकदा बायकोकडे पाहिलं.

"तक्रार अशी, की याच्यावर फोन चांगला निम्मा भरतो. याहून बारकं काही आहे का?"