एकटा म्हणजे एकटा

(कोल्हापूर, मंगळवार पेठ. रविवार सकाळ. समोरच धार काढून देणाऱ्या दूधकट्ट्यावरचं गिऱ्हाईक पांगलंय. एकच म्हैस बांधलेली आहे.)

बाळासो : आता कुठनं काढू वैनी? हरणी म्हस हाय, डेअरीचा नळ न्हवं.

भैरवी : थोडंसं बघा ना. अर्धा लिटर तरी.

बाळासो : आल्यापासनं तिसऱ्यांदा अर्धा लिटर म्हणालाय तुमी. पावणं येणार हायती व्हय?

भैरवी : खीर करायची आहे.

बाळासो : एवढ्या दुधाची? सगळी पेठ जेवाय घालताय जणू! किटली काठोकाठ आलीया, बघा की. आन अंतराला खाली ठेवा जरा. पोरगी झोपली, हात भरून आला आसंल तुमचा.

भैरवी : असू दे. हातात काहीतरी असलेलं बरं.

बाळासो : सायेब आलं न्हाईत अजून, न्हवं?

भैरवी : येतील.

बाळासो : कवा येतो म्हणालतं?

भैरवी : आठपर्यंत.

बाळासो : नऊ वाजून गेलं की ओ.

भैरवी : घड्याळ आहे माझ्याकडे, बाळासो.

बाळासो : हाय म्हणूनच सांगालोय. धार काढताना लोक किटलीत बघत्यात, तुमी मनगट बघालाय. जोतिबाला गेल्यात ना? मग सोपं हाय. आमची अंबू मावशी पायऱ्यांवर नारळ-गुलाल घेऊन बसलीया. 'सायेब दिसलं काय गं,' एवढंच इचारतो. लावू फोन?

भैरवी : नको.

बाळासो : सायबांच्याच फोनवर लावतो मग.

भैरवी : तो घरी आहे. टीव्हीशेजारी ठेवून गेलेत. मुद्दाम.

बाळासो : आयला! मग मावशीलाच लावाय पायजे. एकच शब्द वैनी. रोज करतोयच की आपण.

भैरवी : म्हणूनच नको. मी शब्द दिलाय त्यांना.

बाळासो : कसला?

भैरवी : काल जेवताना म्हणाले, उद्या मी गाडीवरून जोतिबाला जाऊन येणार. पायऱ्या धावत चढणार. आणि एकटा जाणार. एकटा म्हणजे एकटा. मागे बाळासोची मोपेड नको, पायरीवर अंबूबाईचा डोळा नको, कुणाला फोन नको. मी म्हटलं, बरं.

बाळासो : म्हंजे सायबांना ठावं हाय? आमी पाळतीवर हाय ते?

भैरवी : पहिल्या आठवड्यापासून.

बाळासो : कोण फुटलं? नाव सांगा, बघतोच त्येला.

भैरवी : तुम्हीच.

बाळासो : मी? देवाशप्पत वैनी, मी तोंडातनं अवाक्षर काढलं न्हाई!

भैरवी : तोंडातून नाही. ते पुढे चालत असायचे आणि तुम्ही मागून मोपेडचा हॉर्न वाजवत यायचात.

बाळासो : आडवं कुत्रं आलं तर वाजवाय नको व्हय?

भैरवी : आणि ते पंक्चरवाले विजयसिंह. भर रस्त्यात ओरडले म्हणे, 'सायेब, सावलीतनं चाला, न्हाईतर वैनी आमाला झाडतील!'

बाळासो : त्येचा आवाजच तसला हाय. कानात सांगितलं तरी बिंदू चौकात ऐकू जातंय. पर सायेब कधी बोललं न्हाईत आमाला. उलट परवा मलाच म्हणालं, 'बाळासो, मोपेडचं ब्रेक बघून घे, उतारावर जवळ येतोस लई.'

भैरवी : मलाही बोलले नाहीत. कालच बोलले.

बाळासो : मी एक इचारू? राग नगा मानू. ती जी तार होती ना काळजात, जादाची, ती खरंच गेली न्हवं? आमची म्हातारी म्हणती, एकदा जाळली तरी परत उगवती.

भैरवी : नाही हो, ते काय केस आहेत का? जन्मापासून होती ती. कुणाला कळलंच नव्हतं. भरती होताना सापडली नाही, कॅप्टन झाले तरी सापडली नाही. आणि एक दिवस परेडला उभे असताना काळीज एकदम धावायला लागलं आणि हे खाली. मग दवाखाने, मग मेडिकल बोर्ड, मग घरी. घरी आल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी ती तार जाळली. म्हणाले, विषय संपला. परवा फौजेच्या डॉक्टरांनीही तपासलं. पळवलं, पट्टे लावले, रात्रभर मशीन बांधून ठेवलं. तेही म्हणाले, विषय संपला, एकदम फिट.

बाळासो : म्हंजे सगळ्यांचा इषय संपला. तुमचाच चालू हाय.

भैरवी : हो. माझाच चालू आहे.

बाळासो : मग सोमवारी टेरिटोरियल आर्मीत हजर व्हायचं नक्की ना? उद्याच की सोमवार.

भैरवी : आज मी कुणाला फोन केला नाही, तर.

बाळासो : आन केला तर?

भैरवी : तर ते कळवून टाकणार, मी येत नाही म्हणून.

बाळासो : ही कुठली अट काढली ओ? एवढं परत अधिकारी म्हणून घेत्यात, माणूस पेढं वाटंल! माझी हरणीसुदा पेढ्याच्या आशेनं उभी हाय.

भैरवी : म्हणाले, तिकडे माझ्या हाताखाली पोरं असतील. माझं लक्ष घराकडे आणि घराचं लक्ष माझ्या छातीकडे, असं असेल तर त्या पोरांकडे कुणी बघायचं?

बाळासो : हे मातर बरोबर बोललं.

भैरवी : बरोबरच बोलतात ते. तेच तर अवघड आहे.

बाळासो : पर वैनी, मी येडा माणूस, मला एक सांगा. तुमाला ते घरातच पायजेत ना? मग लावा की फोन! एक फोन लावला की सायेब घरात. पेन्शनीत गेल्यासारखं. सकाळी दूध न्यायला येतील, मी हाक मारीन. काय वाईट हाय?

भैरवी : हा विचार मी केला नसेल असं वाटतं तुम्हाला?

बाळासो : केला?

भैरवी : घरातून निघाल्यापासून तोच करतेय. म्हणून तर इथे येऊन उभी राहिले. घरात फोन हाताशी आहे.

बाळासो : मग?

भैरवी : ते शिकवतात ना त्या भरतीच्या अकॅडमीत, तिथे एकदा मी गेले होते. त्यांना न सांगता. अंतराला कडेवर घेऊन झाडामागे उभी राहिले. पोरं मैदानाला फेऱ्या मारत होती. हे खुर्चीत. मीच सांगितलं होतं, खुर्चीतून उठायचं नाही. शिट्टी तोंडात, छातीवर हात नको म्हणून दोन्ही हात मांडीवर. आणि खुर्चीखाली यांचे पाय हलत होते बाळासो. पोरांबरोबर. पोरं वळणावर आली की यांचे पायही जरा सावकाश व्हायचे.

बाळासो : आन मग?

भैरवी : त्या दिवसानंतर बुटांना जोतिबाची लाल माती दिसायला लागली. मी कधी विचारलं नाही. धुऊन ठेवायचे.

बाळासो : तुमाला ठावं होतं व्हय, सायेब पायऱ्या चढाय जात्यात ते? आन मी हिकडं फोनवर रोज सांगायलोय, 'वैनी, सायेब रंकाळ्यावर बसल्यात, दाणं खायाल्यात'!

भैरवी : रंकाळ्यावर लाल माती नसते.

बाळासो : मग मला झाडलं का न्हाई?

भैरवी : तुम्ही त्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन जात होता. दर्शनाला गेले तेव्हा अंबूबाईंनी सांगितलं मला. मग काय झाडणार?

बाळासो : मावशी पण! म्हंजे मी सायबांवर, मावशी माझ्यावर... अवो, तुमीच का न्हाई गेला फौजेत?

भैरवी : हसवू नका, अंतरा उठेल.

बाळासो : हसा वाईच. आल्यापासनं पयल्यांदा हसलासा. थांबा, फोन वाजायलाय. ह्या येळंला कोण... वैनी.

भैरवी : काय झालं?

बाळासो : मावशीचा हाय. जोतिबावरनं.

भैरवी : उचलू नका.

बाळासो : अवो, तुमी केला न्हाई. तिचा तिनं केलाय. आलेला फोन उचलला तर शब्द मोडत न्हाई!

भैरवी : उचलू नका म्हटलं ना.

बाळासो : आन खरंच काय झालं आसंल तर?

भैरवी : तर आज रविवार आहे. डोंगरभर माणसं आहेत. त्यांना उचलतील, पाणी देतील, दवाखान्यात नेतील. मी इथे फोन कानाला लावून काय करणार?

बाळासो : बंद झाला.

भैरवी : होऊ दे.

बाळासो : पांढऱ्याफटक पडलायसा. बसा त्या पेंडीच्या पोत्यावर.

भैरवी : मागच्या वेळी फोनवरच कळलं होतं मला. सातवा महिना होता. चपात्या लाटत होते. पिठाच्याच हातानं उचलला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता आणि मला एवढंच कळत होतं की तो फार हळू बोलतोय. फौजेतली माणसं इतकं हळू बोलत नाहीत हो. तेव्हापासून कुणाचाही फोन वाजला तरी मला हाताला पीठ लागल्यासारखं वाटतं.

बाळासो : परत वाजायलाय.

भैरवी : तिचाच?

बाळासो : तिचाच. दोनदा करती म्हंजे काहीतरी हाय वैनी. ती मिस कॉल देणारी बाई! पैशे जात्यात म्हणून पोराला सुदा पुरा फोन लावत न्हाई.

भैरवी : द्या इकडे.

बाळासो : हं, घ्या.

भैरवी : ...नको. ठेवा. खिशात ठेवा. वरून हात ठेवा तुमचा.

बाळासो : ठेवला. आजून वाजायलाय की.

भैरवी : थांबला?

बाळासो : थांबला.

भैरवी : बोला ना काहीतरी. हरणीचं सांगा. रेडकू कसं आहे तिचं?

बाळासो : रेडकू? रेडकू बरं हाय. हुंदडतंय. परवा दिशी दावं तोडून पार तालमीत घुसलं. पैलवान बसल्यात मातीत आन ह्ये मदी. वस्ताद म्हणालं, बाळासो, ह्येला लंगोट शिवून आण...

भैरवी : थांबा. ऐका.

बाळासो : काय?

भैरवी : बुलेट.

बाळासो : ह्या पेठेत एक बुलेट हाय व्हय? बोळा-बोळात चार...

भैरवी : यांचा सायलेन्सर फाटलाय. दुरुस्त करून घ्या म्हणून महिनाभर मागे लागलेय मी.

बाळासो : आलं! वैनी, सायेब आलं! गुलालात न्हाऊन आल्यात. मिशीसुदा दिसंना! अगं हरणे, बघ की!

उदयसिंह : काय रे बाळासो, अंबूबाईचा फोन आला का?

बाळासो : दोनदा आला, वैनी उचलू देईनात सायेब! पोत्यावर बसून माझ्या खिशावर पहारा.

उदयसिंह : भैरवी?

भैरवी : एकटा म्हणजे एकटा, असं ठरलं होतं.

उदयसिंह : अगं, मीच तिला लावायला सांगितलं. निघताना म्हटलं, उशीर झालाय, काळजी करू नका, एवढं सांग; गिऱ्हाइकांत तिनं उशिरा लावला दिसतोय. तुझा नंबर तिच्याकडं न्हवता, मला पाठ न्हाई, म्हणून याला.

भैरवी : तुम्ही सांगितलंत?

उदयसिंह : हां.

भैरवी : कुणाला फोन नाही, असं बजावून गेलेल्या माणसानं?

उदयसिंह : हां.

बाळासो : सायेब, गावलासा!

भैरवी : उशीर का झाला?

उदयसिंह : बसलो होतो. अंबूबाईच्या दुकानात.

भैरवी : का?

उदयसिंह : छाती धडधडायला लागली.

भैरवी : बसा आधी इथे.

उदयसिंह : ऐकून घे पुरतं. थांबायचं न्हाई म्हणून पायऱ्या एका दमात चढलो. आज मागं बाटली घेऊन बाळासो न्हवता, त्यामुळं जास्तच जोरात गेलो. वर पोचलो आणि धाडधाड सुरू झालं. मी मटकन बसलो. मानेवर दोन बोटं ठेवून. अंबूबाई म्हणाली, काय सायेब? म्हटलं, काय न्हाई. पण घाबरलो होतो. म्हटलं, झालं, परत आलं.

भैरवी : मग?

उदयसिंह : मग काय न्हाई. हळूहळू उतरलं. उतरलं तरी मी उठेना. बोटं काढली की परत ठेवायचो. शेवटी अंबूबाई वैतागली. म्हणाली, 'रोज शंभर माणसं वर येत्यात, सगळ्यांची छाती अशीच उडती, कोण असं मान धरून बसत न्हाई. उठा, गिऱ्हाईक थांबलंय.' मग दर्शन घेतलं.

भैरवी : धावल्यामुळे धडधडली.

उदयसिंह : नुसती धावल्यामुळं. सगळ्यांची धडधडते. मी विसरूनच गेलो होतो की तसं असतं.

भैरवी : आता कशी आहे?

उदयसिंह : बघ की हात लावून.

भैरवी : नको. तुम्ही सांगा, मला पुरेल.

उदयसिंह : बरी आहे.

भैरवी : बरं.

उदयसिंह : आणि मग अटीचं काय करायचं? शब्द तर मीच मोडला. कळवू का, येत न्हाई म्हणून?

भैरवी : कळवताय कशाला? अट मला होती. मी पास झाले. नापास तुम्ही झालात, तेव्हा मुकाट्यानं उद्या हजर व्हायचं. आणि तिकडून फोन करायचा. रोज. मला, बाळासोंना नाही.

बाळासो : म्हंजे माझी ड्यूटी संपली?

उदयसिंह : संपली. पण ब्रेक मातर करून घे.

बाळासो : सायेब, एक सांगू? तुमी गेल्यावर हॉर्न कुणाला वाजवू मी?

उदयसिंह : कुत्र्याला. भैरवी, दे अंतराला माझ्याकडं. आणि हे काय? एवढं दूध?

भैरवी : खीर करायची आहे.

बाळासो : खीर कसली! तुमी येईना तसं अर्धा-अर्धा लिटर चाललंय. म्हस पार कोरडी केली.

भैरवी : बाळासो, बडबड पुरे. यांना एक ग्लास दूध द्या, पायऱ्या चढून आलेत.

बाळासो : कुठनं देऊ वैनी? सगळं तुमच्या किटलीत हाय.

भैरवी : मग यातलंच घाला.