पाठीवरची गाठ

तुम्ही हसाल, पण रांगेत माझ्या मागे कोणी उभं राहिलं की मी अजून वळून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते.

चामराजपेटला भाजीच्या दुकानात काउंटरपाशी उभी होते. दोन वर्षांची मीरा कापडी कॅरियरमध्ये माझ्या छातीशी गाढ झोपलेली. कॅरियरची गाठ माझ्या पाठीवर, आणि दोन्ही हातांत पिशव्या. मागे आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्का होत्या. फार मायाळू बाई, मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या.

"अय्यो, किती करकचून बांधलंस पोरीला! पाय निळे पडतील गं. थांब, स्वल्प सैल करते."

"अक्का, नको! हात लावू नका!"

"सरी सरी, बरं बरं, झालंच."

आणि गाठ सुटली. मीरा झोपेतच माझ्या पोटावरून खाली घसरली. मी पिशव्या टाकल्या आणि मिळेल ते धरलं. मुठीत नुसता फ्रॉक आला. तिचं डोकं मागे लटकलं, काउंटरच्या कडेपासून जेमतेम बोटभर अंतरावर. मी गुडघा वर उचलून तिच्या पाठीखाली घातला.

अक्कांना मागून फक्त माझी पाठ दिसत होती. समाधानाने म्हणाल्या,

"बघ, आता कसं मोकळं वाटतंय तिला!"