सिंहाच्या बाजूचे श्रीकृष्णराव

— ती फळांची कार्डं ठेवून दे बेटा, सफरचंद दाखवून हे नाही बोलणार, वाचा होती तेव्हाही फळांवर कधी बोलले नाहीत. इथे बाहेर बस, हळू बोलू, आत सगळं ऐकू जातं. ह्यांना वाघ विचार. वाघ आणि सिंह लढले तर कोण जिंकेल — हां पूर्वा, तेच, हसू नकोस. तू ह्यांना बोलतं करायला पुण्याहून आत्ता आलीस, तुला ह्या घराचं काय माहीत? चाळीस वर्षं झाली ह्या भांडणाला. लग्नानंतर पहिल्याच रविवारी चिडियाघरात घेऊन गेले आणि पिंजऱ्यासमोर उभं राहून म्हणाले, आनंदी, सिंहच जिंकणार, त्याला आयाळ आहे, मानेला दात लागतच नाही. मी म्हटलं, वाघ वजनाने भारी, शिवाय दोन्ही पंजे एकदम चालवतो. मतलब नवी नवरी, गप्प बसायचं होतं — नाही बसले. अन्नपूर्णेला घर येईपर्यंत रिक्षात तेच भांडण.

मग चालूच राहिलं. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून येताना हे रोज एखादा नवा मुद्दा घेऊन यायचे — वाघ एकटा राहतो, एकट्याला जखम परवडत नाही, म्हणून तो माघार घेतो. मी म्हणायची, एकट्याला कोणाची गरज नसते. आमच्या नीरजाच्या लग्नात व्याह्यांनाच विचारलं, तुमची बाजू कोणती? ते बिचारे घाबरून हत्ती म्हणाले. आणि मग फागुनात लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बस.

तुला हे सांगायचं नव्हतं, पण काल डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. सहा महिने झालेत, म्हणाले, आता फार आशा धरू नका. तू खाली काय बघतेस, तुलाही माहीत असणार. मी घरी आले, ह्यांचं तोंड पुसलं, आणि काय झालं माझं मलाच कळलं नाही — म्हटलं, जाऊ द्या, तुमचंच खरं, सिंह जिंकतो. वाटलं, बरं वाटेल माणसाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन वेळा जेवले नाहीत. रात्रभर मी विचार करत होते, असं काय वाईट बोलले मी? — वाईटच बोलले. डॉक्टरांनी मला काय सांगितलं ते ह्यांना माझ्याच तोंडून कळलं.

आज सकाळी गेले, पलंगाशी उभी राहिले. म्हटलं, काल खोटं बोलले. वाघच जिंकतो. तुमचा सिंह दिवसाचे वीस तास झोपतो, लढणार कधी? तर स्वतः कुशीवर वळले. मी हात लावला नाही, खरंच सांगते. डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवली, डोळे असे लाल — आणि नंतर वाटीभर दलिया संपवला. तुझ्या वहीत सुधारणा वगैरे लिहू नकोस. राग आला, एवढंच लिही.

ऐकलंस? बडवतायत. नाही, तू आत येऊ नकोस, आज राहू दे — आम्हाला बोलायचंय. चप्पल दाराशीच आहे तुझी. जा.