भावनाच्या बाबाचा ग्राफ

—अरे, होल मंग पाडजो धीरज, आधी चहा पे. भावनानं पुण्याहून फोन करून तुले धाडलं, म्हनून का उभ्या उभ्याच काम कराचं? बस. वायर या खेपी पायपातूनच नेजो. मागं उघडी सोडलती तू, तं माकडानं गच्चीवरून ओढून पार लोंबती केली. जिन्यात सोलरचा इन्व्हर्टर, समोरच्या खोलीत राउटर, मधात जाड भिंती — कुठून पोहचते वायफाय? तू रेंज वाढवाची पेटी लावून पाह्यली, जावयानं जुना मोबाइल हॉटस्पॉट करून ठेवला — तो उन्हानं फुगला. घटकाभर दिसे, मंग गायब. तू म्हनशीन, काकू, बिजली तं बनूनच राह्यली, मोबाइलवर नाई दिसली तं काय बिघडते? बिघडते बापा. आमच्या घरी बिघडते.

भावनाचे बाबा सेलूले वायरमन होते. जिंदगी खांबावर गेली. रिटायर झाल्यावर हे सोलर लावलं, अन् मंग मोबाइलमंधी तो ग्राफ — सकाळी रेघ निघे, दुपारी डोंगरावानी चढे, सांजच्याले उतरे. चहा पेता पेता मले सांगत — आता ढग आला पाह्य, आता पॅनलवर धूळ बसली. मी म्हनो, या मानसाले दुसरं कामच नाई.

मंग लकवा मारला. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, वाचले — पन उजवं अंग गेलं अन् बोलनं गेलं. भावना आली, फोटो दाखवले, नातीचा आवाज ऐकवला — काहीच नाई. भिंतीकडे पाहत पडून राहत. एक दिवस मी सहजच तो ग्राफ समोर धरला. तं डाव्या हाताचं बोट उचललं न त्याईनं — रेघीवर ठेवलं, अन् रेघीसंगं वर वर नेलं. मी तशीच बाहेर गेली, भावनाले फोन लावला. म्हनलं, बाई, तुहे बाबा आहेत अंदर. आहेत. तेव्हापासून तेच आमचं बोलनं. रेघ चढली का ते बोट फिरवत, मी म्हनो, हाव, ऊन चांगलं आहे आज.

अन् नवा राउटर बसवला तं रेघच गेली. सपाट. तू सांगतलं, याचे सिग्नल दोन अन् नाव एक, इन्व्हर्टरले त्यातला एकच समजते — मले काय कळते त्यातलं. मी त्याईले म्हनलं, पाहा, पंखा फिरून राह्यला, बिजली आहे. वायरमनले का पंख्यानं फसवता येते? पंखा तं खांबावरच्या लाइनीवरही फिरते. सपाट रेघीवर बोट ठेवत अन् माह्याकडे पाहत. नेट नाई, बाकी सारं ठीक आहे — हे त्याईले कसं समजवाचं, सांग न?

झाला चहा? बरं... कर मंग.

...

लागला हिरवा दिवा? एवढ्यात? वायरही पक्की, दोन्ही सिग्नलची नावंही वेगळी केली — आता नाई जानार म्हनतं? पावसातही नाई? हाव... दिसून राह्यलं मोबाइलवर. कशी चढली पाह्य.

नाई नाई, तू अंदर नको जाऊ. झोपले आहेत. मी दाखवतो मंग — अरे, नको म्हनलं न! ...झोपले नाई. डोळे उघडेच आहेत, श्वासही चालू आहे. पन पाहत नाई रे ते आता. रेघ परत येईपर्यंत थांबलेच नाई. मीच त्याईचं बोट धरून फिरवून पाह्यलं — सोडलं का पडते. डॉक्टर म्हने, आता घरीच सांभाळा. भावनाले नाई सांगतलं मी. ती रोज विचारते, आई, बाबा पाहते का ग्राफ? मी म्हनतो, नेट नाई न बाई, धीरज येनार आहे, नेट आलं का पाहतीन. तिले तेवढं पुरे. मलेही पुरे. अन् तू आज नेट पक्कं करून देल्लं.

तिच्याही मोबाइलवर आली असन न आता रेघ? तिकडे पुण्यात? ...हाव, वाजून राह्यला. तिचाच आहे. वाजू दे.

जाय बापा तू. शिडी घेऊन जाजो, अन् दार लोटून घेजो.