शेवटचा खांब

(लष्करी तळाच्या भिंतीलगतची कर्मचाऱ्यांची वसाहत. शेवटच्या घरापुढे दिव्याचा खांब, त्याला टेकवलेली शिडी. सूर्य मावळून तास होत आला आहे.)

बाबा : शिडी धरायला बाप हवा, आणि बाप बोलला की कानात बोळे!

मुलगी : नीट धरा हो. उजेड वर जाऊ नये म्हणून दोनशे तेरा दिव्यांना टोप्या घातल्या, कुणी एवढी कुरकुर केली नाही. दुपारीच झालं असतं, तुम्ही खांब अडवून बसलात म्हणून आता कपाळाला बॅटरी बांधून चढावं लागलं.

बाबा : हा दिवा मी बसवलाय, नोकरीत असताना. रस्त्यावर सुई पडली तरी सापडायची.

मुलगी : रस्त्यावर कुठे? लाकडाचा ठोकळा घालून तुम्ही त्याचं तोंड वर केलंत, थेट आपल्या खिडकीत. निम्मा उजेड आभाळात. परवा तळावरच्या साहेबांनी हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो दाखवला. सगळा काळोख, आणि कडेला हा एवढा ठिपका. म्हणाले, हे काय आहे? काय सांगू, माझं माहेर?

आई : बघा! आणि तुम्ही म्हणता, आपल्याला कोण ओळखतं.

बाबा : त्यांना म्हणावं, खाली बघू नका.

मुलगी : खाली न बघता उतरतील कसे? अंधारात दिसायचे चष्मे लावतात ते वैमानिक. असा दिवा समोर आला की सगळं पांढरंफटक. आज साडेआठला पुन्हा घिरटी घालणार आहेत. ठिपका दिसला तर माझं सगळं काम नापास. आणि एखाद्याचा उतरताना अंदाज चुकला तर... जाऊ दे. दहाचा पाना द्या.

बाबा : आईचा तरी विचार कर. तिला अंधार सोसत नाही. सत्तावीस वर्षं मी तिच्यासाठीच...

आई : हं.

मुलगी : आई, तू बोल ना काहीतरी.

आई : मी काय बोलू? पाना द्या हो, पोर लोंबकळतेय वर.

बाबा : घे. फ्यूज काढलायस ना?

मुलगी : लेक कुणाची? काढलाय. हा निघाला ठोकळा, बाजूला व्हा. आता टोपी... बसली. उतरते. दिवा लगेच नको लावायला, आधी वर बघून घेऊ. बसा पायरीवर. ही बॅटरीपण बंद करते.

बाबा : ती कशाला?

मुलगी : डोळ्यांना सवय व्हायला हवी. दहाएक मिनिटं.

बाबा : दहा?

आई : अहो, बोटं मोडाल माझी.

बाबा : तू घाबरशील म्हणून धरलीत.

आई : बरं.

मुलगी : झाली दहा मिनिटं. बघा आता वर.

आई : अगं बाई!

मुलगी : काय झालं?

आई : एवढे? हे सगळे इथेच होते? मी रोज त्या खिडकीत भांडी घासत होते, तेव्हाही?

मुलगी : तेव्हाही.

आई : लहानपणी माझ्या आजोबांशेजारी गच्चीवर झोपायचो, तेव्हा पाहिलं होतं. मला वाटलं, ते आभाळच गेलं, आजोबांबरोबर. आणि तो धुरकट पट्टा?

मुलगी : आकाशगंगा. तो धूर नाही, सगळे तारेच आहेत.

आई : मला तर वाटतंय, आपण काठावर बसलोय. पाय सुटला तर आत पडू.

मुलगी : बाबा, तुम्हाला दिसतंय ना?

बाबा : आवाज नाही गं कसलाच. एवढं सगळं वर चाललंय, आणि आवाज नाही.

मुलगी : आता लावू दिवा? टोपी आहे, उजेड फक्त खाली पडेल. वरून कुणाला दिसणार नाही.

बाबा : थांब.

आई : लावू द्या हो तिला. मला भीती वाटतेय.

बाबा : नाही वाटत तुला. कधीच वाटली नाही. अंधाराला मी भितो... बस गं तूपण. राहू दे थोडा वेळ असंच.